चौदा दिवसांच्या मागे

सोमवारी सकाळी पावणेअकराला माझ्या पडद्यावर आईची इमारत आली, निळ्या वर्तुळाच्या आत. आधी मी इमारत ओळखली नाही, तिच्याखालचं गटार ओळखलं. एकोणीस वर्षं मी मलनिस्सारण विभागात नकाशे काढतेय. रस्त्यांची नावं विसरेन, पण कुठली वाहिनी कुठे वळते ते विसरणार नाही. कोपऱ्यापासून चौथ्या इमारतीशी जुनी वाहिनी काटकोनात डावीकडे वळते आणि वळणावर चेंबर आहे. त्याच्या झाकणावर पाय पडला की ते डुगडुगतं. शाळेतून येताना मी त्याच्यावर मुद्दाम उडी मारायचे आणि वरच्या खिडकीतून आईचा आवाज यायचा, पडशील गं. ते वळण पडद्यावर दिसलं आणि मला आधी बरंच वाटलं, परक्या गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसं. मग वर्तुळाखालचा मजकूर वाचला.

साथ सुरू झाल्यावर आमच्या कार्यालयातल्या अर्ध्या लोकांना संपर्कशोधाच्या कामाला लावलं होतं. जागा बॅडमिंटनच्या हॉलची. जमिनीवर अजून खेळाच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि त्यांच्याच आधाराने टेबलं लांब लांब मांडलेली. माझ्या शेजारच्या टेबलावर सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल बसायचे. ते म्हणायचे, "पूर्वी पुस्तक कुठे राहिलं म्हणून लोकांना फोन करायचो, आता तुम्ही कुठे होतात म्हणून करतो. लोक खोटं मात्र त्याच आवाजात बोलतात." काम सोपं होतं. कुणाला लागण झाली की त्याच्या फोनमधलं सरकारी अॅप गेल्या चौदा दिवसांत त्याच्याजवळ कुठले फोन आले होते ते आम्हाला दाखवायचं. अॅपचं नाव 'सोबत'. नावं दिसायची नाहीत. एक आकडा, वय, बाई की पुरुष, जागा आणि वेळ. जवळ आलेल्या माणसाला फोन करायचा तर 'उघडा' म्हणून बटण होतं, ते दाबलं की नंबर यायचा. रुग्णाच्या आकड्यापुढेही तेच बटण होतं, त्याने नाव उघडायचं, पण तो इस्पितळात पोचला असेल तर ते दाबायचं काही कारण नसायचं. आमचे पर्यवेक्षक रोज सकाळी सांगायचे, "जेवढं लागेल तेवढंच. दाबलेलं प्रत्येक बटण नोंदलं जातं."

त्या दिवशीचा रुग्ण पुरुष, वय एकाहत्तर, इस्पितळात, बोलण्याच्या अवस्थेत नाही. म्हणजे सगळी भिस्त अॅपवर. चौदा दिवसांत तो माणूस एकदा औषधाच्या दुकानात बारा मिनिटं उभा होता, आणि दोन बुधवार आईच्या इमारतीत. अकरा वाजून पाच मिनिटं ते एक वाजून वीस. दोन्ही बुधवारी. संपर्क: स्त्री, पासष्टच्या वर. सरासरी अंतर: एक मीटरच्या आत.

अॅप चुकतं, हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडचा फोनही त्याला जवळ वाटतो. मी मनातल्या मनात इमारत मजल्यामजल्याने रिकामी करत गेले. तळाला शिलाईयंत्र दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, ते बंद. पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू साथ सुरू झाली तेव्हाच गावी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन तरुण भाऊ. तिसऱ्यावर आई. पासष्टच्या वरची दुसरी बाई त्या इमारतीत नव्हती. मी संपर्काचं 'उघडा' दाबलं, आणि नंबराचे शेवटचे चार आकडे येण्याआधीच ते माझ्या तोंडात तयार होते.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. आई अडुसष्ट वर्षांची, एकदा न्यूमोनिया होऊन गेलेला. पण पहिल्यांदा जे वाटलं ती भीती नव्हती. पहिल्यांदा वाटलं, आणि मला जिन्यात उभं केलंस. आठ महिने मी दर शनिवारी तिचं सामान घेऊन जात होते. पिशवी दारात ठेवायची, नऊ पायऱ्या खाली उतरायचं, मग ती दार उघडायची. एखादी पायरी मी चढलेच तर "पुढे येऊ नकोस" म्हणायची. पिशवीचे बंद ती ओल्या फडक्याने पुसायची तेव्हा मला वाटायचं, माझेच हात पुसतेय. माझ्या वाढदिवसाला तिने विणलेला स्वेटर दाराबाहेर ठेवला, दार लावलं, मग मी वर जाऊन तो उचलला. घरी आल्यावर मी त्याला नाक लावून बसले होते. माझी मी समजूत घातली होती की ती घाबरलीय, या वयात माणसं घाबरतात. आणि त्याच दारातून एक माणूस आत जात होता, सव्वादोन तास बसत होता, एक मीटरच्या आत.

आणि ते अॅप तिच्या फोनवर मीच घालून दिलं होतं. तेसुद्धा जिन्यातून. "आता हिरवं बटण दाब. नाही, ते नाही, खालचं." ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली होती, "हे काय काय बघणार माझं?" "काही नाही गं. नावसुद्धा बघत नाही." "मग त्याला माझ्याजवळ कशाला राहायचंय?" मी वैतागून म्हटलं होतं, "आई, सगळे घालतायत. माझ्यासाठी घाल." आणि तिने घातलं. माझ्यासाठी.

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लांबच्या गावाचे फोन हाताने जोडायचे ते दिवस. लहानपणी मला वाटायचं, शहरातली सगळी गुपितं आईच्या कानात आहेत. रात्री तिच्या कुशीत शिरून मी विचारायचे, आज कोण काय बोललं सांग ना. ती म्हणायची, "आपण नंबर जोडायचा. लागला की बाहेर पडायचं. ऐकायचं नसतं." "पण ऐकू येतच असेल ना?" "येतं. पण म्हणून ऐकायचं नसतं." मला ते कधी पटलं नाही. आपल्याला सांगायचं नाही म्हणून ही असं म्हणते, असंच वाटत राहिलं.

बुधवार. पडद्यावरचा तो शब्द मी परत परत वाचला. नोकरीत तिची सुट्टी बुधवारी असायची. बाबा कारखान्यात, मी शाळेत. निवृत्तीनंतरही ती म्हणायची, "बुधवारी येऊ नकोस बाई, बुधवारी मी घर झाडूनपुसून काढते." मी कधी विचार केला नव्हता. एकट्या बाईच्या तीन खोल्या झाडायला सबंध दिवस कशाला लागतो? आणि मग ते आठवलं, जे इतकी वर्षं एक साधी आठवण म्हणून राहिलं होतं. चौथीत असेन. अंगात ताप भरला म्हणून बाईंनी मला दुपारी घरी पाठवलं. दार आतून लावलेलं, रेडिओ मोठ्याने चालू. मी दोनदा वाजवलं, तीनदा वाजवलं. आईने उघडलं तेव्हा तिने बाहेर जायचे चांगले कपडे घातले होते. मी विचारलं, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "कुठे नाही." आणि माझ्या कपाळाला हात लावून तिने मला उचललंच, एवढी मोठी झाले होते तरी. त्या दिवसाचं मला फक्त तिचं उचलणं लक्षात राहिलं होतं. आता त्या खोलीत मी तापलेल्या अंगाने तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. पडदा ओढलेला होता का? आतल्या खोलीचं दार? तो बुधवार होता का? मला आठवत नव्हतं आणि तरी दिसत होतं. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. संध्याकाळी कारखान्यातून आले की बाबा दारातच जोडे काढून, मोजे खिशात कोंबून आत यायचे, आणि आई ओरडायची. त्या ओरडण्यातसुद्धा आता मला काहीतरी ऐकू यायला लागलं. चौदा दिवसांच्या एका यादीने चाळीस वर्षांना भोक पाडलं होतं आणि मी त्याला डोळा लावून बसले होते.

नियमाने मी तिथेच थांबायला हवं होतं. नात्यातल्या माणसाचं प्रकरण आलं तर हात वर करायचा आणि ते दुसऱ्या टेबलाला द्यायचं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रुग्णापुढचं 'उघडा' दाबलं.

एक नाव आलं. माझ्या अजिबात ओळखीचं नव्हतं. सेवानिवृत्त, बस आगार. जवळचे नातेवाईक: मुलगा. मी ते नाव आईच्या तोंडात ठेवून बघितलं, बाबांच्या मित्रांमध्ये, एक्स्चेंजच्या लोकांमध्ये, जिन्यातल्या शेजाऱ्यांमध्ये; कुठेच बसेना. नावाने काहीच सांगितलं नाही तेव्हा मी तारखेच्या चौकटीत चौदा दिवस खोडून अॅप सुरू झाल्याची तारीख टाकली. बुधवार खाली खाली येत गेले. बत्तीस आठवडे. अकरा पाच, अकरा चार, अकरा सात. मधे तीन आठवडे रिकामे. ते तीन आठवडे मला चांगले आठवत होते. आई फोनवर तुटक बोलायची, जेवण जात नाही म्हणायची, आणि मी डॉक्टरांच्या मागे लागून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलून घेतल्या होत्या. चौथ्या आठवड्यात तिला बरं वाटायला लागलं. मी डॉक्टरांना फोन करून आभार मानले होते.

"काय हो, कादंबरी लागली वाटतं हाताला," ग्रंथपाल म्हणाले. मी खिडकी बंद केली. अकरा मिनिटं गेली होती.

मग मी आईला फोन लावला, केंद्राच्या फोनवरून, समोरचा ठरलेला कागद वाचत. "नमस्कार. मी संपर्कशोध केंद्रातून बोलतेय. हा संवाद ध्वनिमुद्रित होतोय." पलीकडे क्षणभर काहीच नाही. तिने मला ओळखलं ते मला त्या गप्प बसण्यातूनच कळलं. मग ती म्हणाली, "बोला." तो आवाज मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. एक्स्चेंजचा आवाज, इस्त्री केलेला.

"गेल्या चौदा दिवसांत तुमच्या घरी कुणी आलं होतं का?"

"माझी मुलगी येते. जिन्यापर्यंत."

"आणखी कुणी?"

"आणखी कुणी आलं असेल तर तुमच्याकडे दिसतच असेल."

"ताप, खोकला, वास न येणं?"

"काही नाही."

"चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. उद्या तपासणीसाठी माणूस येईल."

"बरं." मग तिने विचारलं, "ज्या व्यक्तीमुळे तुम्ही फोन केलात, ती व्यक्ती कशी आहे?"

व्यक्ती. ती व्यक्ती. माणूस म्हणायची चूकसुद्धा तिने केली नाही. "ती माहिती आम्हाला देता येत नाही," मी वाचलं. कागदावर तसंच लिहिलेलं होतं. "बरोबर आहे," आई म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवताना मात्र तिला बटण नीट दाबता आलं नाही. दोनदा भलतंच बटण वाजलं.

मी उठून हातपाय धुवायच्या जागेपाशी गेले आणि माझ्या मोबाइलवरून तिला लावला. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"आई, ऑक्सिजनवर आहेत ते. कालपासून. बोलत नाहीयेत."

नळ कुणीतरी अर्धवट सोडला होता. तो बंद करूनही गळत राहिला.

"हे सांगायची परवानगी आहे तुला?"

"नाही."

"मग?"

"तू विचारलंस म्हणून." आणि मग मला राहवलं नाही. "कधीपासून, आई?"

"तुम्ही चौदा दिवसांचं विचारता ना? चौदा दिवसांचं आहे तुझ्याजवळ."

"आई, बाबा असताना..."

"तू किती मागचं बघितलंस?"

मी नळ आणखी घट्ट आवळला.

"विचारतेय मी. किती?"

"अॅप सुरू झालं तिथपर्यंत."

"नाव?"

"बघितलं."

मग ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या हाताखाली असतीस ना, तर त्याच दिवशी तुझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतला असता मी."

बुधवारी तिच्या तपासणीचा अहवाल आला. लागण नव्हती. मी तो तिला कळवला आणि ती फक्त "हं" म्हणाली. दुसरा कुठला तरी अहवाल ती मागत होती आणि तो मी गुरुवारी रात्रीपर्यंत दर तासाने बघत होते. बघायचं काही कारण नव्हतं. पडद्यावर त्या रुग्णाची ओळ हिरवी दिसली की मी पुढच्या फोनला लागायचे. हे मी आईसाठी करतेय असं स्वतःला सांगत होते. शुक्रवारी सकाळी ओळ करडी झाली होती. पुढे एकच शब्द: बंद.

तो माणूस गेल्याचं आईला कोण सांगणार? नातेवाइकांच्या यादीत ती कुणीच नव्हती. मुलाला कळवलं असेल, मुलाने आणखी चौघांना. आईपर्यंत ते कधीच पोचलं नसतं. ती पुढचा बुधवार आणि त्याच्या पुढचा बुधवार बसून राहिली असती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. नऊ पायऱ्यांखाली उभी राहिले. तिने साखळी न काढता दार उघडलं आणि माझा चेहरा बघून विचारलं, "कधी?"

"आज पहाटे."

"जवळ कोण होतं?"

"तिथे कुणालाच जाऊ देत नाहीत, आई."

मी नकळत एक पायरी चढले. "तिथेच थांब," ती म्हणाली. रागाने नाही. तिने साखळी मुठीत धरली होती. मग म्हणाली, "पाय गार पडायचे त्याचे. झाकले असतील का कुणी?" एवढं सगळं बघून मला हे माहीत नव्हतं. "तू जा आता," ती म्हणाली आणि दार लावलं. मी तिथेच उभी राहिले. रडण्याचा आवाज येईल, नळाचा येईल, खुर्ची सरकेल. काहीच येत नव्हतं. जिन्यातला दिवा विझला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून कान देऊन उभी आहे. मग मी खाली उतरले. मुद्दाम पाय आपटत उतरले, मी गेले हे तिला कळावं म्हणून.

मंगळवारी पर्यवेक्षकांनी बोलावलं. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. "अकरा मिनिटं हे खातं उघडं ठेवलंत. रुग्णाचं नाव उघडलंत. बत्तीस आठवडे मागे गेलात. कारणाचा रकाना कोरा आहे." माणूस वाईट नव्हता, तो कागद त्यालाच नकोसा झाला होता. "ओळखीतलं प्रकरण असेल तर तसं लिहून द्या. समजून घेता येतं. फक्त कुणाशी काय नातं ते लिहावं लागेल, ते फायलीला जोडावं लागतं. संध्याकाळपर्यंत द्या." मी टेबलावर येऊन बसले आणि त्या रकान्यात 'आई' हा शब्द कसा दिसेल ते बघत राहिले. एकदा तो फायलीत गेला की तिथेच राहणार. कुणीही माहितीसाठी अर्ज करेल, कुणीही वाचेल.

साडेतीनला फोन आला. फाइल माझ्या नावावर म्हणून माझ्याकडे वळवला होता.

"माझ्या वडिलांची माहिती हवीय," तो माणूस म्हणाला. माझ्याच वयाचा असावा. बोलण्याची सगळी तयारी करून बसल्यासारखा आवाज. "आठ महिने घरात बसून होते ते. मी सामान दारात ठेवायचो. मला आत घेत नव्हते. तुझ्या घरात लहान मुलं आहेत, तू बाहेरूनच बोल, म्हणायचे. मग लागण कुठून झाली?"

"ते आम्हाला सांगता येत नाही."

"त्यांचा फोन माझ्या हातात आहे. दर बुधवारी सव्वादहाचा गजर लावलेला आहे. नाव नाही, काही नाही, नुसता गजर. कुठे जायचे ते?"

"ती माहिती देता येत नाही."

"म्हणजे आहे."

मी ठरलेल्या कागदाकडे बघत होते. त्याच्यावर पुढचं वाक्य नव्हतं.

"बाईच असणार," तो म्हणाला. "बाईच. त्या बाईने मारलं त्यांना, कळतंय का तुम्हाला? मला फक्त नाव हवंय. मी काही करणार नाही. मला फक्त बघायचंय ती कोण आहे ते."

तिला लागण नव्हती, हे माझ्या जिभेवर आलं. तिच्यामुळे नाही, औषधाच्या दुकानात असेल, हवेत असेल, तिच्यामुळे नाही. पण 'ती' म्हटलं असतं तरी संपलं असतं. मी दात आवळून धरले.

"तुम्हाला आईवडील आहेत?"

"आई आहे."

"मग तुम्हाला समजायला हवं. माझ्या जागी तुम्ही असतात तर बघितलंच असतं ना?"

"हो," मी म्हटलं. "पण बघायला नको होतं."

ध्वनिमुद्रणाचे लाल आकडे पुढे सरकत होते. ग्रंथपालांनी आपला फोन ठेवला आणि ते माझ्याकडे बघायला लागले. मग तो पुन्हा बोलला तेव्हा आवाजातली तयारी संपली होती. "निदान एवढं सांगा. मी निघायचो तेव्हा ते खिडकीत उभे राहायचे. मला वाटायचं, अगदीच एकटे पडलेत. ते एकटे होते का हो?"

हेही सांगता येत नव्हतं. त्या कागदाप्रमाणे यातलं एक अक्षरही सांगता येत नव्हतं, आणि मी जे बोलेन ते नोंदलं जाणार होतं.

"नाही," मी म्हटलं. "एकटे नव्हते."

त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मग मला का दारात उभं केलं?"

याचं उत्तर माझ्याजवळ असतं तर नियम मोडून दिलं असतं. मी फोन कानाला धरून बसले, त्यानेही ठेवला नाही. एकदा वाटलं, सांगावं, मलाही. मग त्यानेच ठेवला.

पावणेसहाला मी छापील कागद पर्यवेक्षकांच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: कुतूहल. त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागद उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"अहो, हे असं लिहिलंत तर कारवाई करावी लागेल मला. परत तुमच्या विभागात पाठवतील. सेवापुस्तकात नोंद होईल, ती जाणार नाही. ओळखीचं कुणी होतं का? नीट आठवून बघा."

"कुणी नव्हतं," मी म्हटलं. "माझ्याच नावावर राहू दे."